अंगण ओलं दिसलं म्हणून

मावशी,
माझं वय चव्वेचाळीस. कळायला लागल्यापासून देवाचं वचन ऐकत आणि पाळत आले. माझ्या यजमानांना चौदा वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमच्या प्रार्थनागटातले वडीलधारे भाऊ घरी येतात. ते म्हणतात, ‘माझं ऐकाल तर मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, लोकांवर आणलेले रोग तुमच्यावर आणणार नाही, असं देवानं सांगितलंय. रोग आला, म्हणजे घरात कुठंतरी आज्ञाभंग आहे. तो शोधा.’ मी वही घातली. आठवेल ते पाप लिहीत गेले. साठ पानं भरली. आता भाऊ म्हणतात, एक आठवडा डायलिसिस थांबवून उपास-प्रार्थना करू, देवावर भरवसा दाखवा. यजमान काहीच बोलत नाहीत. परवा माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आई, बाबांनी काय केलं होतं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. मावशी, शब्द कुणी मोडला? देवानं, की आम्ही?
– एक वाचक

सगळ्यात आधी डायलिसिसचं. ते थांबवायचं नाही. आठवडाभर सोडाच, एक खेपही चुकवायची नाही. माझं बाकीचं उत्तर सवडीनं वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ठरवा. निकामी मूत्रपिंडं अंगातलं जादा पाणी आणि पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत. दोन खेपांच्या मधे ते साठत जातं. खेपा चुकल्या की पाणी फुप्फुसात उतरतं, माणसाला आडवं पडून श्वास घेता येत नाही. पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. हे भाऊंना ठाऊक नसावं असं मी धरून चालते. तुम्हाला आता ठाऊक आहे.

मी श्रद्धेच्या आड येते आहे असं त्यांना वाटलं, तर त्यांच्यासमोर बायबलातल्या मत्तयच्या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडा. मंदिराच्या टोकावर उभं करून ‘टाक उडी, देवदूत झेलतील, तसं लिहिलंच आहे’ असं येशूला कोण म्हणालं? सैतान. आणि लिहिलेलं होतंच. त्यानं वापरलं ते स्तोत्र ९१ मधलं वचन, संरक्षणाच्या वचनांतलं आपल्या सगळ्यांचं लाडकं. वचन खरं होतं, पण त्याच्या जोरावर उडी मारून बघायला सांगणं ही त्यातली गोम होती. येशूनं उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस असं लिहिलं आहे, एवढंच तो म्हणाला. आठ दिवस यंत्र बंद ठेवून देव काय करतो ते बघायचं, ही त्याच टोकावरची उडी आहे. बरं, उडी मारायची तुमच्या यजमानांनी. सुचवणारे जमिनीवरच उभे.

आता तुमचा प्रश्न. शब्द कुणी मोडला?

पाऊस पडला की अंगण ओलं होतं. पण सकाळी अंगण ओलं दिसलं म्हणून रात्री पाऊसच पडला असं म्हणता येत नाही. कुणी सडा घातला असेल, कुणाची कळशी लवंडली असेल. भाऊंनी वचन असं उलटं वाचलं. ‘ऐकाल तर मी सांभाळीन’ हे पुढं चालायला धीर देणारं वाक्य आहे. त्यांनी ते मागं फिरवलं: संकट आलं, म्हणजे ऐकलं नव्हतं. आणि एकदा का ते मागं फिरवलं की कुठल्याही दुखण्यावर गुन्हेगार शोधता येतो. सापडला नाही तर अजून शोधा. तुमची वही साठ पानांवर का गेली, ते आलं ना लक्षात? ती कधी भरणारच नव्हती.

त्यांनी सांगितलेलं वचन बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातलं आहे. ते जरा आजूबाजूला बघून वाचा. गुलामीतून नुकती सुटलेली माणसं तीन दिवस रानात पाण्यावाचून चालत होती. पाणी सापडलं ते कडू. ते गोड झालं, आणि त्यानंतर हे शब्द आले. ते एका अख्ख्या लोकसमूहाला सांगितलेले आहेत, आणि त्यांचा शेवट ‘तुला बरं करणारा मी आहे’ असा होतो. एकेका घरात जाऊन कुणाच्या मूत्रपिंडांची चौकशी करायला ते दिलेले नाहीत. त्याच बायबलात अलीशा संदेष्टा आहे. नामानाचं कोड ज्याच्या शब्दानं गेलं, तो अलीशा. तो कसा गेला? आजारानं. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एका ओळीत लिहिलंय: ज्या दुखण्यानं तो मरणार होता, ते दुखणं त्याला लागलं. त्यानं काय चुकवलं होतं, याचा एक शब्दही पुढं नाही. लिहिणाऱ्याला ते शोधावंसं वाटलं नाही.

पण खरं सांगू, तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखा ईयोब येत होता, बायबलातला तो निर्दोष माणूस ज्याच्यावर संकटांमागून संकटं कोसळली, आणि त्याच्याहून जास्त त्याचे तीन मित्र. माणसं वाईट नव्हती हो. लांबून आले होते. त्याची दशा पाहून मोठ्यानं रडले, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. सगळ्या गोष्टीत त्यांनी केलेलं हे एकच चांगलं काम. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि वाट लागली. आधी आडून आडून: निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का? मग उघडच. आणि बाविसाव्या अध्यायापर्यंत त्या तिघांतल्या अलीफजला इतकं असह्य होतं की पाप सापडत नाही, म्हणून तो चक्क रचतो. तू दमलेल्याला पाणी दिलं नाहीस, भुकेल्याला भाकर दिली नाहीस, विधवांना रिकाम्या हातानं पाठवलंस. यातलं काहीही घडलं नव्हतं. पण त्याचं गणित असं होतं की संकट आहे म्हणजे पाप असणारच, आणि गणित चुकलंय म्हणण्यापेक्षा मित्राला खोटं पाडणं त्याला सोपं गेलं.

शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो कुणावर? ईयोबावर, ज्यानं आरडाओरडा केला, देवाला जाब विचारला? नाही. अलीफजला सांगतो, तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर माझा कोप भडकला आहे, कारण ईयोबासारखं योग्य ते तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत. देवाची बाजू मांडायला आलेल्यांना देवच हे सांगतो. भाऊंना पुढच्या वेळी हा बेचाळिसावा अध्याय वाचायची विनंती करा. मी स्वतः तरुणपणी एका आजारी बाईच्या उशाशी बसून अलीफजसारखीच बोलले होते, तेव्हा हे मी वरून सांगत नाही. त्या बाईंनी नुसतं कुशीवर वळून भिंतीकडं तोंड केलं. ते वळणं मी विसरलेले नाही.

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा मोडणाऱ्यांवर रोग येतील असं लिहिलंय की, असं तुम्ही म्हणाल, नाहीतर भाऊ म्हणतील. लिहिलंय. आशीर्वादांची चौदा वचनं आणि शापांची त्याच्या जवळजवळ चौपट. मी ते पुसून टाकणार नाही. पण तेही एका राष्ट्राशी केलेल्या करारातलं बोलणं आहे, आणि ज्यांनी ते जपलं त्यांनीच ईयोबही जपला, कारण पहिलं वाचून माणसं काय करतील हे त्यांना दिसत असावं. आणखी एक कबूल करते. चौदा वर्षांच्या मधुमेहात यजमानांनी पथ्य कधी मोडलं असेल, गोळ्या चुकवल्या असतील. असतील किंवा नसतीलही. पथ्य पाळणाऱ्यांचीही मूत्रपिंडं जातात, आणि ती बरीचशी खराब होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. चुकवल्या असल्या तरी त्याला परिणाम म्हणतात. शिक्षा सुनावणारा वेगळा असावा लागतो, आणि तसा कुणी तुमच्या घरात आलेला नाही. भाऊ धरून.

मग संरक्षणाच्या वचनाचं करायचं काय? सोडून द्यायचं? मला नाही वाटत. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी ज्ञान बोलतं: जो माझं ऐकतो तो सुरक्षित राहील, अरिष्टाची भीती नसल्यामुळं स्वस्थ राहील. त्या अध्यायाची सुरुवात बघा. कुणी तुला म्हणेल, चल, दबा धरून बसू, लुटून घरं भरू, तर जाऊ नकोस. अशी माणसं शेवटी स्वतःच्याच जिवासाठी सापळा लावतात. म्हणजे तिथं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर न उठणं आहे, आणि स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेल्या नाशातून ते ऐकणं खरंच वाचवतं. आपली भाषा इथं कामी येते. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा त्याचे कान तपासायला आपण नेत नाही. या वचनाच्या मूळ हिब्रूतही एकच शब्द दोन्हीला चालतो. आणि त्या वचनात दिलेली शेवटची गोष्ट कोणती? भीतीपासून सुटका. तुमच्या घरी मात्र त्याच शिकवणीतून भीती दारातून आत आली आहे. वचनाचा हात सुटला तो तिथं.

स्वस्थ राहणं कसं असतं, तेही बायबलात दिसतं. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय. हेरोद राजानं येशूच्या शिष्यांतल्या याकोबाला तलवारीनं मारलं. मग दुसऱ्या शिष्याला, पेत्राला धरलं. दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढायचं होतं, आणि पेत्र दोन शिपायांच्या मधे, साखळ्यांत, झोपला होता. इतका गाढ की देवदूताला त्याच्या कुशीत मारून उठवावं लागलं. पेत्र सुटला, याकोब सुटला नाही. दोघांत कुणी जास्त ऐकत होता, हे लिहिणारा सांगत नाही. आपण तरी सुटलेल्याला जास्त गुण का द्यावेत? आणि पेत्र झोपला तेव्हा आपण सुटणार हे त्याला कुठं माहीत होतं!

आपल्या भाषेतलीही एक बाई सांगते. पंडिता रमाबाई. दुष्काळानं आई, वडील आणि बहीण नेली. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा गेला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः. त्या शेवटच्या वर्षांत त्या काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून हीच सगळी वचनं मराठीत आणत होत्या. भाऊंच्या हिशेबानं त्यांची वही किती पानांची व्हायला हवी होती?

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट. चार पानांचं मूळ पत्र आहे. वर थोडक्यात दिलं. त्या चार पानांत आजार सोडला तर तुमचे यजमान एकदाच येतात, आणि ते ‘काही बोलत नाहीत’. अहो, ते शेजारच्या खोलीत असतात ना, भाऊ बाहेर बसून पाप शोधा म्हणतात तेव्हा? त्यांना सगळं ऐकू जातं. त्यांच्या आजारापायी बायकोनं साठ पानं लिहिली, हे त्यांना माहीत आहे. माणूस गप्प बसतो तो पुष्कळदा आपणच दोषी आहोत असं मानायला लागल्यामुळं. डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास काय विचार करतात, हे कुणी विचारलंय का त्यांना? तुम्ही विचारा. प्रार्थनेचं, पापाचं काही काढू नका. भीती वाटते का, एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत ते पहिले सात दिवस आठवून गप्प बसा.

मुलीला लांबण लावू नका. ‘बाबांनी काही केलं नव्हतं. त्यांच्या रक्तात साखर बरीच वर्षं जास्त होती, तिनं रक्त गाळणारे अवयव खराब केले. यंत्र आता ते काम करतं.’ अकरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. तिनं ‘मग देव?’ असं विचारलं तर मला अजून पूर्ण कळलेलं नाही, असं सांगायला लाजू नका. चुकीचं उत्तर ती आयुष्यभर जपून ठेवेल. आणि मोठी झाली की तिची साखर, रक्तदाब वेळोवेळी तपासा. तीही काळजीच आहे.

भाऊंशी भांडू नका, पण दारात एक अट घाला: आजाऱ्यासाठी प्रार्थना चालेल, आजाऱ्याची झडती चालणार नाही. उपचाराबद्दलचं बोलणं फक्त डॉक्टरांशी. ऐकलं नाही तर काही महिने त्यांचं येणं बंद. गटातलं कुणी खरंच मदत करू म्हणत असेल तर डायलिसिसच्या दिवशी यजमानांबरोबर जायला सांगा. तुम्हाला तेवढे चार तास झोप मिळेल. तुम्ही शेवटचं नीट कधी झोपलात, तेही पत्रात नाही.

राहिली वही. त्या साठ पानांत एखाद-दुसरी गोष्ट खरी असेल, कुणाचं देणं राहिलं असेल, कुणाला टाकून बोलला असाल. ती जाऊन निस्तरा, आजारासाठी नाही, ती निस्तरायची आहे म्हणून. बाकीची पानं फाडा. वहीत कोरी पानं उरली असतील, त्यांवर उद्यापासून तारीख घालून लिहा: सकाळचं वजन, दिवसभरात किती पाणी पोटात गेलं, रक्तदाब, पायांवर सूज आहे का. पुढच्या खेपेला ती वही बरोबर न्या. डॉक्टर ती मागतातच.