बांबूवरच्या खुणा आणि दोन प्रवेश

रत्नागिरीहून एका मुलीचे पत्र आले आहे. खाली नावाऐवजी ‘भरती-ओहोटी’ अशी सही आहे. वय १८, दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर विज्ञान शाखा. दक्षिण मुंबईतल्या एका नामवंत महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करण्याची जागा तिला मिळते आहे आणि आयसर तिरुअनंतपुरम या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत पाच वर्षांच्या बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) अभ्यासक्रमालाही. बाबांचा आयसरसाठी आग्रह आहे. आईचा ओढा मुंबईकडे, कारण डोंबिवलीला सख्खी मावशी राहते. स्वतः मुलगी लिहिते, “काकू, मला मुंबईच हवी आहे असे मी सगळ्यांना सांगते, मग रात्री झोप का लागत नाही?”

चि. भरती-ओहोटी हिस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र फुलस्केपची सहा पाने आहे आणि मी ते दोनदा वाचले. पहिली चार पाने मुंबईची आहेत: शिवाजी मंदिरातले प्रयोग, मरीन ड्राइव्ह, महाविद्यालयाच्या एकांकिका, रात्री अकरालाही उजेड असलेले रस्ते. पाचवे पान घरातल्या वादाचे. सहाव्या पानावर मात्र, जणू जागा उरली म्हणून, तू त्या बांबूची गोष्ट लिहिली आहेस. मांडवीच्या धक्क्याजवळ तू जानेवारीत एक बांबू रोवलास, त्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल ऑइलपेंटची खूण केलीस आणि मेपर्यंत भरतीचे पाणी कुठवर चढते ते वहीत उतरवलेस. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे तुला पुस्तकाने सांगितले होते. परंतु उधाणाचे सर्वांत मोठे पाणी ऐन अमावास्येला न येता एखाद-दोन दिवसांनी येते, हे तुला बांबूने सांगितले. शेजारच्या खारवी आजोबांना विचारलेस तर ते म्हणाले, “तसंच असतं”, आणि तू कंसात लिहिलेस, “तसंच का असतं ते मात्र कोणी सांगत नाही.”

मुंबईबद्दलची चार पाने ऐकीव आहेत आणि बांबूबद्दलचे एक पान तुझे स्वतःचे आहे. तुझी झोप उडण्याचे कारण मला तरी याच दोहोंत दिसते.

म्हणून मुंबईची ओढ उथळ आहे असे मात्र समजू नकोस. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे आहे आणि त्याच्या आवाराबाहेरचे शहरही विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवते. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे आणि ‘चाय अँड व्हाय’सारख्या कार्यक्रमात संशोधक मंडळी कोणाही श्रोत्यासमोर बसून आपला विषय समजावून सांगतात. शिवाय माणसाचे मन बदलते. दुसऱ्या वर्षी तुला वाटले की आपल्याला भौतिकशास्त्र नको, नाटक हवे किंवा अर्थशास्त्र हवे, तर मोठ्या विद्यापीठाच्या शहरात वळायला वाटा असतात. वितुऱ्याला, म्हणजे तुझ्या आयसरचे आवार आहे त्या गावी, जीवशास्त्रातून गणितात जाता येईल, पण विज्ञानाबाहेर जाणारा दरवाजा नाही. तेथून परत यायचे झाले तर एक वर्ष गेले असेच धरून चालावे लागते. लहान, एकाच वळणाच्या संस्थेची ही खरी किंमत आहे आणि तुझे बाबा ती हिशेबात धरत नाहीत, असे तू उद्धृत केलेल्या त्यांच्या वाक्यांवरून वाटते.

पण तुझ्या वाट्याला येणारी मुंबई कोणती, हेही पाहायला हवे. मावशीचे घर डोंबिवलीला, महाविद्यालय दक्षिण मुंबईत. जलद लोकल मिळाली तरी घरातून निघून वर्गात बसेपर्यंत दीड तास धर, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे तीन तास आणि तेही गर्दीच्या वेळी. प्रात्यक्षिक संपवून साडेपाचला निघालेली मुलगी घरी पोचून पाय धुईपर्यंत सात वाजून जातात. त्या दिवशी शिवाजी मंदिरात प्रयोग पाहून ती किती वाजता परतणार आणि मावशीला ते किती वेळा चालणार? (नाटक पाहायला डोंबिवलीतच सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, ही गोष्ट वेगळी.) तुझ्याच शेजारचा मुलगा त्या महाविद्यालयात आहे आणि वर्गात १२० जण असतात असे तो सांगतो. एवढ्या वर्गात बांबूच्या वहीबद्दल प्राध्यापकांशी बोलता येणारच नाही असे नाही, पण तास संपल्यावर त्यांच्या मागे जिन्यापर्यंत जाण्याचा धीटपणा लागतो. तो तुझ्यात आहे की नाही, हे तूच जाणतेस.

आता वितुरा. ही संस्था २००८ साली सुरू झाली. तिचे आवार तिरुअनंतपुरम शहरापासून बरेच आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. आवारात राहायचे, आवारातच जेवायचे, आणि रविवारी शहरात जायचे तर तो बेत आखावा लागतो. सुरुवातीच्या सत्रांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे सगळे विषय सर्वांना घ्यावे लागतात आणि मुख्य विषयाची निवड नंतर होते. तुला ही सक्ती वाटते आहे. मला ती तुझ्या सोयीची वाटते, कारण तुझा प्रश्न समुद्राचा आहे आणि समुद्र एकट्या भौतिकशास्त्राला पुरून उरतो. पाचवे वर्ष बव्हंशी संशोधन-प्रबंधाचे असते. ज्या मुलीने कोणी न सांगता पाच महिने रोज धक्क्यावर जाऊन आकडे घेतले, तिला वर्षभर एकाच प्रश्नामागे लागण्याची परवानगी म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

पैशाबद्दल बाबांना एक गोष्ट दाखव. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची असते. त्यांतले ६०,००० हाती येतात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला साध्या बी.एस्सी.लाही मिळू शकते, तेव्हा केवळ तिच्यासाठी अमुकच ठिकाणी जावे असे नाही. उलट मुंबईसाठी मुंबईतच तीन वर्षे राहायला हवे असेही नाही. टाटा संस्थेचे उन्हाळी संशोधन उपक्रम आणि मानखुर्दच्या केंद्राचा पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम हे बाहेरगावच्या मुलांनाही खुले असतात. निवड कडक असते, पण वितुऱ्याची मुलगी मे महिन्यात कुलाब्याला राहू शकते.

तुझ्या पत्रातले एक वाक्य मात्र मला सगळ्यांत खरे वाटले आणि तू ते खोडून पुन्हा लिहिले आहेस: “तिथे सगळेच पहिले आलेले असतील.” असतील. माझा भाचा अशाच एका लहान विज्ञानसंस्थेत गेला, तेव्हा आमच्या तालुक्यात त्याचा सत्कार झाला होता, शाल-श्रीफळासह. पहिल्या चाचणीत त्याला ४० पैकी ११ गुण पडले. तीन आठवडे त्याने घरी फोन केला नाही. ताई विचारी, “जेवलास का?” तर “जेवलो” एवढाच मेसेज येई. पुढे शेजारच्या खोलीतल्या मुलाला नऊ गुण होते असे कळले आणि दोघांनी मिळून अभ्यास सुरू केला. मोठ्या शहरात अशी फजिती गर्दीत लपून जाते. लहान ठिकाणी ती लपत नाही, आणि ती कोणाला तरी दिसते म्हणूनच कोणी तरी खोलीचे दार ठोठावते. तुला ते दार ठोठावलेले चालेल का, याचा विचार कर. काहींना तो जाच वाटतो आणि त्यांनी खुशाल मुंबईला जावे.

मराठी माध्यमाची भीती तू उगाच मोठी केली आहेस. बारावीचे विज्ञान तू इंग्रजीतच पार केलेस आणि तिथे बिहारची, बंगालची, मणिपूरची मुलेही आपापली इंग्रजी घेऊनच येणार. आईला सांग की नेत्रावती एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते आणि तिरुअनंतपुरमलाच जाते, म्हणजे अख्खा दिवस-रात्रीचा प्रवास असला तरी गाडी बदलायची नाही. भाताचीही काळजी नको. उकड्या तांदळाची पेज खाऊन वाढलेल्या मुलीला केरळातला भात परका वाटायचा नाही.

तेव्हा माझे मत विचारशील तर वितुऱ्याला जा. पण शुल्क भरण्याआधी दोन गोष्टी कर. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या दोघा-तिघांशी, शक्यतो एखाद्या मराठी मुलीशी, फोनवर बोल आणि “कसे आहे?” असे न विचारता “गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केले?” असे विचार. त्या मंगळवारचा हेवा वाटला तर उत्तर मिळाले. कंटाळा आला तर माझे हे सारे पत्र बाजूला ठेव आणि मावशीला कळव, मात्र महाविद्यालयाजवळ वसतिगृह मिळते का हे आधी बघ. दुसरे, बाबांनी पुढच्या नोकरीची जी कारणे सांगितली, त्यांसाठी जाऊ नकोस. पाच वर्षे त्या कारणांवर निघत नाहीत.

जाताना वही बरोबर ने. सुट्टीच्या दिवशी तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर तसाच बांबू रोवलास तर एक गंमत दिसेल. मुंबईला उधाणाचे पाणी चार-पाच मीटर चढते, रत्नागिरीला त्याहून बरेच कमी आणि तिथे जेमतेम मीटरभर. तुझ्या बांबूवरच्या वरच्या बहुतेक खुणा कोरड्याच राहतील. किनारा तोच, चंद्रही तोच, मग असे का होते ते मला कळव.

तुझी,
काकू