एकाच मजकुराचे दोनदा एस्केपिंग आणि ‘एंटिटी परिभाषित नाही’ ही त्रुटी
एचटीएमएल पानावर व्यवस्थित दिसणारा मजकूर एक्सएमएल फीडमध्ये टाकताच पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना उलगडणारा प्रोग्रॅम) ‘एंटिटी परिभाषित नाही’ म्हणून थांबतो, आणि त्यावर उपाय म्हणून सर्व & चिन्हे बदलल्यापासून मूळ पानावर चिन्हांऐवजी त्यांचे कोडच उमटतात, असे आपण लिहिले आहे. हे दोष वेगवेगळे आहेत. (एंटिटी म्हणजे चिन्हाऐवजी लिहायचा कोड; विशेष चिन्हांच्या जागी असे कोड घालणे म्हणजे एस्केपिंग.)

एचटीएमएलमध्ये नावाच्या एंटिटी दोन हजारांहून अधिक आहेत. एक्सएमएलमध्ये डीटीडीत (दस्तऐवजाच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या भागात) आणखी काही घोषित केलेले नसल्यास एएमपी, एलटी, जीटी, क्वॉट आणि अ‍ॅपॉस ही ५ नावेच ओळखली जातात. ‘एनबीएसपी’ (ओळ न तुटू देणारी मोकळी जागा) तेथे अनोळखी ठरते. त्याऐवजी &#160; लिहावे, कारण आकडी संदर्भ, म्हणजे वर्णाचा युनिकोड क्रमांक, दोन्हीकडे चालतो. (आकडे 0 ते 9 असे इंग्रजीच हवेत; &#१६०; चालत नाही.) जुन्या मजकुरात डॅशसाठी &#151; आढळले तर तेही बदलावे. ब्राउझर त्याचा अर्थ विंडोज-१२५२ या जुन्या वर्णसंचानुसार लावून चूक झाकून घेतो, एवढेच; युनिकोडमध्ये १५१ हा नियंत्रण-वर्ण आहे आणि डॅशसाठी &#8212; लागते.

दुसरा दोष अधिक त्रासदायक आहे. साठवतानाच & चे &#38; केले आणि पान तयार करताना टेम्पलेटने (पानाच्या साच्याने) त्यातील & पुन्हा बदलले, की स्रोतात &#38;#38; तयार होते आणि वाचकाला &#38; दिसते. माझ्या मते डेटाबेसमध्ये मजकूर मूळ रूपातच असावा आणि एस्केपिंग बाहेर पाठवताना, ज्या ठिकाणी तो जाणार आहे त्या ठिकाणच्या नियमाने, एकदाच करावे: साध्या मजकुरात & आणि <, अ‍ॅट्रिब्यूटच्या (टॅगमधील गुणधर्माच्या) किमतीत त्यांशिवाय अवतरणचिन्हही. स्क्रिप्ट टॅगच्या आत मात्र एचटीएमएलच्या एंटिटी उलगडल्याच जात नाहीत, त्यामुळे तेथे जावास्क्रिप्टचे स्वतःचे एस्केपिंग लागते. आधीच बिघडलेल्या नोंदी एकदाच उलगडून घ्याव्यात, पण सरसकट नव्हे. ज्यांत कोडचे नमुने मुद्दाम लिहिलेले आहेत, त्या नोंदी अशाने नव्याने बिघडतील.

मराठी अक्षरांसाठी एंटिटी लिहिण्याची गरज नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) जतन करून तशी घोषणा पहिल्या १०२४ बाइटांत केली, की ‘क’ साठी &#2325; लिहिणे हा निव्वळ खटाटोप ठरतो. अपवाद न दिसणाऱ्या वर्णांचा. ‘दुसर्‍या’ हा शब्द र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक असा टंकलेला असेल आणि एखाद्या सफाई-स्क्रिप्टने तो जोडक गाळला, तर ‘दुसर्या’ उरते, आणि स्रोत कितीही न्याहाळला तरी काय हरवले ते कळत नाही. तेथे &#8205; उघडपणे लिहावे किंवा, मी करतो तसे, मुळातच ऱ हे अक्षर वापरावे.