वडीलधाऱ्यांची रात्रीची साखर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरातील वयोवृद्ध मधुमेही व्यक्तीची साखर रात्री उतरू नये म्हणून काय करावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. ‘झोपताना काय खायला द्यावे’ असे बहुतेकांनी विचारले आहे. माझी उत्तरे मात्र पुन्हा पुन्हा औषधांपाशी येतील, कारण मध्यरात्री उतरणारी साखर बहुतेक वेळा संध्याकाळच्या गोळीने किंवा इन्सुलिनने उतरवलेली असते.

प्रश्न : आईचे वय ७८ आहे. ती सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिश्र इन्सुलिन घेते. महिन्याभरात तीन-चार वेळा ती पहाटे घामाने चिंब भिजून उठली, एकदा झोपेत ओरडलीही. सकाळी डोके दुखते म्हणते. उपाशीपोटीची साखर मात्र २१० च्या आसपास येते. संध्याकाळचे इन्सुलिन वाढवावे की कमी करावे?

उत्तर : मोजल्याशिवाय दोन्ही करू नये. संध्याकाळी, समजा साडेसातला, घेतलेल्या या इन्सुलिनचा ७० टक्के भाग मध्यम गतीचा असतो आणि त्याचा जोर साधारणपणे चौथ्या तासापासून दहाव्या तासापर्यंत राहतो. म्हणजे रात्रीचे जेवण पचून गेलेले असते नेमके तेव्हाच तो आपले काम करीत असतो. म्हणून लागोपाठ दोन-तीन रात्री गजर लावून दोन ते तीनच्या दरम्यान बोटावरची साखर तपासावी, आणि आईला घाम फुटलेला दिसला तर त्या क्षणीही तपासावी. ७० च्या खालचा आकडा (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम; येथले साखरेचे सगळे आकडे याच मापात आहेत) म्हणजे साखर उतरली आहे. ५४ च्या खालचा आकडा एकदाच दिसला तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

रात्री साखर फार उतरली की शरीर ती उसळून वर आणते आणि म्हणून सकाळचा आकडा मोठा येतो, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. अखंड साखर मोजणारे सेन्सर आल्यावर दिसले ते बरेचसे उलट आहे : ज्या रात्री साखर उतरते तिच्यानंतरची सकाळ बहुधा कमी आकड्याचीच असते. त्यामुळे आपल्या आईचा घाम आणि २१० हा आकडा या वेगवेगळ्या रात्रींच्या गोष्टी असू शकतात. वहीत घामाच्या सकाळचा आकडा वेगळा लिहा. दोन आठवड्यांत पुष्कळ उलगडा होईल. रात्री साखर खरोखर उतरत असेल, तर डॉक्टर संध्याकाळची मात्रा कमी करतात किंवा ग्लार्जिन, डेग्लुडेक अशा, फारसा चढउतार नसलेल्या इन्सुलिनवर नेण्याचा विचार करतात. घामाच्या वेळी साखर ठीक निघाली, तर घामाचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल आणि तेही टाळू नये.

आई हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी घेत असेल, तर छातीतील धडधड आणि हातांची थरथर ही इशाऱ्याची लक्षणे झाकली जातात. घाम झाकला जात नाही. म्हणून ओला झालेला गाऊन ‘उकाड्यामुळे’ म्हणून सोडून देऊ नये.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे आहेत. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली गोळी दोन वेळा चालू आहे. रात्रीचे जेवण म्हणजे अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी. मागच्या आठवड्यात शौचालयाकडे जाताना बरळत खाली बसले. साखर ४८ निघाली. एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ आहे, क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.४. आता झोपताना दूध-बिस्किटे देतो. तेवढे पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही, आणि हा उपाय मला पसंतही नाही. जास्त झालेल्या औषधामागे रोज रात्री बिस्किटे घेऊन धावण्यापेक्षा औषध कमी करून घेणे सरळ आहे. आपल्या वडिलांच्या गोळीतील तीन औषधांपैकी साखर धोकादायक उतरवणारे मुख्यतः एकच, ग्लिमेपिराइड. जेवण झाले आहे की नाही याची पर्वा न करता ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी एकत्रित असल्यामुळे ‘मेटफॉर्मिन चालू ठेवा, दुसरे कमी करा’ हे शक्य होत नाही. म्हणून वृद्धांमध्ये औषधे सुटी असलेली बरी. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या २०२३ च्या यादीत ग्लिमेपिराइडच्या गटातील औषधे वृद्धांसाठी पहिल्या पसंतीची म्हणून टाळावीत असे म्हटले असून, ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या औषधांविषयी विशेष सावध केले आहे.

क्रिॲटिनिन १.४ हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु ८१ व्या वर्षी त्याचा अर्थ मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटरवर आली आहे असा होतो. अशा मूत्रपिंडातून औषधाचा अंश लवकर बाहेर पडत नाही आणि संध्याकाळच्या गोळीचा परिणाम रात्रभर रेंगाळतो. याच कारणाने, या गोळ्यांमुळे साखर उतरल्यावर ती एकदा वर आली म्हणजे संकट टळले असे धरू नये. पुढील चोवीस तासांत किंवा त्यानंतरही ती पुन्हा उतरू शकते. तो प्रसंग पुन्हा आला तर रुग्णालयात दाखवून देखरेखीखाली ठेवणेच योग्य.

६.२ या एचबीए१सीचे अभिनंदन झाले असेल, पण या वयात, या औषधावर आणि ४८ चा आकडा दिसल्यावर मी त्याला धोक्याची खूण मानतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या सूचनांनुसार अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीए१सी ८ च्या खाली आणि झोपतानाची साखर १०० ते १८० असणे पुरेसे आहे. डॉक्टरांना थेट विचारा : संध्याकाळची मात्रा बंद करता येईल का, आणि साखर न उतरवणारे दुसरे औषध बसते का? तोवर, झोपताना साखर १०० च्या खाली असेल त्या रात्री दूध-पोळीसारखे काहीतरी द्यावे. मध्येच लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन किंवा को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिले गेले, तर मधुमेहाची गोळी चालू असल्याचे तेथेच सांगावे; ही प्रतिजैविके ग्लिमेपिराइडसोबत साखर आणखी उतरवू शकतात.

प्रश्न : रात्री साखर उतरल्याचे कळले तर नेमके काय द्यावे? शेजारी म्हणतात, शुद्ध नसेल तर हिरड्यांना मध चोळावा.

उत्तर : व्यक्ती जागी असून नीट गिळत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट चार चमचे, अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा ७० च्या खालीच असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. साखर सावरल्यावर दोन घास खायला द्यावेत. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. वरच्या पत्रातील वडिलांसारखे कोणी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल, तर घरातील साधी साखर वेळेवर कामाला येत नाही, कारण तिचे विघटन हे औषधच रोखते. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा पलंगाशेजारी असलाच पाहिजे.

शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. मधही नाही, पाणीही नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. डॉक्टरांनी ग्लुकागॉन हे साखर वर आणणारे इंजेक्शन घरी ठेवायला सांगितले असेल आणि कोणी ते द्यायला शिकलेले असेल, तर ते द्यावे. एक बाजू लुळी पडल्यासारखी वाटली किंवा जीभ अडखळली, तर पक्षाघात गृहीत धरून धावपळ सुरू होते. निघतानाच साखरही तपासावी, कारण वृद्धांमध्ये उतरलेली साखर हुबेहूब तसे रूप घेऊ शकते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, आई डोंबिवलीत. तिच्या दंडावर सेन्सर आहे आणि त्याचा इशारा माझ्या फोनवर येतो. परवा तिच्याकडे रात्रीचे दोन वाजले असताना ५८ दिसले, शेजाऱ्यांना उठवले, तर ग्लुकोमीटरवर ११२. सेन्सर बिघडला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आई त्याच कुशीवर झोपली असेल. दंड दाबला गेला की सेन्सरभोवतीच्या द्रवातील साखर खोटीच कमी दिसते, आणि कूस बदलल्यावर आकडा थोड्या वेळात पूर्ववत होतो. आलेखात सरळ रेषा एकदम कोसळून तशीच वर आली असेल, तर हेच कारण समजावे. सेन्सर दुसऱ्या दंडावर लावून पाहावा. तरीही इशारा बंद करू नये : आधी आईला फोन, मग बोटावरची तपासणी, आणि ती बरळत असेल किंवा घामाघूम असेल तर तपासणीची वाट न पाहता ग्लुकोज. घराची किल्ली असलेला एक तरी शेजारी या व्यवस्थेत हवाच, नाहीतर आपण हजारो मैलांवरून केवळ आकडा पाहत बसाल.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या असून संकष्टी आणि एकादशी सोडत नाहीत. इन्सुलिन संध्याकाळी आठला घेतात. चंद्रोदय मात्र कधी कधी साडेनऊनंतर असतो. काय करावे?

उत्तर : त्या दिवशी इन्सुलिन घड्याळाला नव्हे, जेवणाला बांधावे : ताट वाढले की मग इंजेक्शन. उपवासाच्या दिवशीची सकाळची आणि संध्याकाळची मात्रा किती, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे, कारण दिवसभर पोट रिकामे असताना नेहमीची मात्रा जास्त ठरू शकते. निर्जळी एकादशीला माझा स्पष्ट नकार आहे. उपवास मोडेल म्हणून त्या साखर उतरली तरी काही घेणार नाहीत, अशी भीती अनेक सुनांना वाटते; ग्लुकोज, साखर आणि केळे ही तिन्ही उपवासाला चालतात, हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.