दुष्टाचं झाड कोणतं? ‘एझराख’ या शब्दाविषयी

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या ३७व्या स्तोत्रात, ३५व्या वचनात, फोफावलेल्या दुष्टाला एका झाडाची उपमा दिली आहे. जुन्या इंग्रजी प्रतीत ते तमालपत्राच्या कुळातलं झाड आहे, दुसऱ्या एका प्रतीत लबानोनचा गंधसरू (सीडर), आणि एका मराठी भाषांतरात नुसतं हिरवं झाड. मग खरं झाड कोणतं?

मूळ हिब्रूत झाडाचं नावच नाही. खरं तर ‘झाड’ हा शब्दही नाही. तिथे दोनच शब्द आहेत, ‘एझराख रअनान’. रअनान म्हणजे रसरशीत, हिरवागार. एझराख म्हणजे त्याच मातीत जन्मलेला, मूळचा. हा शब्द जुन्या करारात इतर ठिकाणी झाडाला नव्हे, माणसाला लागतो. यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या नियमांत ‘देशात जन्मलेला आणि उपरा, दोघांना एकच नियम’ असं म्हटलं आहे. त्यातला ‘देशात जन्मलेला’ म्हणजे एझराख. आजच्या हिब्रूत ‘नागरिक’ या अर्थी हाच शब्द चालतो.

म्हणजे कवीने माणसाचा शब्द उचलून झाडाला लावला आणि ते झाड पुन्हा माणसाची उपमा म्हणून वापरलं. भाषांतरकार इथे अडखळले यात नवल नाही. अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात लबानोनचे गंधसरू आले. गंधसरूला हिब्रूत ‘एरेझ’ म्हणतात आणि त्याची अक्षरं एझराखच्या फार जवळची आहेत, म्हणून त्या भाषांतरकारांसमोरच्या हिब्रू प्रतीतच तसं असावं असा अभ्यासकांचा कयास आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतराने ‘बे’ नावाचं झाड घातलं. दोन्ही झाडं देखणी आहेत, पण मूळ शब्दातली धार दोन्हींत हरवते.

ती धार मराठीत पकडायला आपल्याकडे एक छान शब्द आहे: रायवळ. कलमी आंबा कुणीतरी बांधतो, आणून लावतो, आळं करून पाणी घालतो. रायवळ पडल्या कोयीतून जागच्या जागी उगवतो, वाटेल तेवढा वाढतो, आणि तो कधी नव्हता असं गावात कुणाला आठवत नाही. कवीला दिसलेला दुष्ट असा आहे. त्याच्यासाठी ‘आरीत्स’ असाही शब्द येतो, म्हणजे दांडगा, ज्याचा दरारा वाटतो असा. आता हा कुठून हलायचा नाही, असं बघणाऱ्याला वाटावं.

याच्या शेजारी पहिलं स्तोत्र ठेवा. तिथे नीतिमान माणूस पाण्याच्या पाटांशी लावलेल्या झाडासारखा आहे. तिथला शब्द ‘शातूल’, आणि त्याचा अर्थ बरेच जाणकार एका जागेहून काढून दुसरीकडे लावलेलं रोप असा करतात. सज्जन म्हणजे आणून लावलेलं रोप आणि दुष्ट म्हणजे रायवळ! मला ही जोडी लक्षात आली तेव्हा दोन्ही स्तोत्रं नव्याने वाचावीशी वाटली. आपण सहज धरून चालतो की मुळं खोल ती भल्या माणसाची. इथे वरवर पाहता उलट आहे.

दुसरा शब्दही सोडू नका. ‘रअनान’ ही काही दुष्टाच्या वाट्याची खोटी हिरवाई नाही. ५२व्या स्तोत्रात देवाच्या घरातल्या जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) झाडाला, म्हणजे भक्ताला, हेच विशेषण आहे. ९२व्या स्तोत्रात दुष्ट गवतासारखे ज्या क्रियापदाने फुटतात, त्याच क्रियापदाने नीतिमान खजुरीसारखा बहरतो. रंगावरून दोघांत फरक करता येत नाही, आणि कवीही तसा तो करत नाही. दुष्टाची भरभराट त्याने डोळ्यांनी पाहिली आहे, ‘राईती’ म्हणजे ‘मी पाहिलं’ याच शब्दाने वचन सुरू होतं. हे ३७वं स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलं आहे आणि हे कडवं ‘रेश’चं, म्हणजे आपल्या ‘र’चं. राईती, राशा (दुष्ट), रअनान: वाचताना कानात ‘र’ घुमत राहतो.

म्हणूनच दुष्टाचं वैभव ‘दिखाऊ’ किंवा ‘पोकळ’ होतं असं भाषांतर मला पटत नाही. ‘औटघटकेचं’ चालेल, कारण त्यात प्रश्न काळाचा आहे, खरेपणाचा नाही. औट म्हणजे साडेतीन, घटका २४ मिनिटांची, म्हणजे जेमतेम ८४ मिनिटं. याच स्तोत्राच्या १०व्या वचनातल्या ‘आणखी थोडाच वेळ’ला तो शब्द शोभतो.

दुष्ट नाहीसा झाल्याचं ३६वं वचन तर फारच साधं आहे. हिब्रूत ‘तो निघून गेला’ असं आहे, ग्रीकमध्ये ‘मी तिथून गेलो’. मला ग्रीक पाठ जवळचा वाटतो, कारण ३५मध्ये पाहणारा ‘मी’ आहे आणि पुढे शोधणाराही ‘मी’च आहे. त्याच वाटेने पुन्हा जाणारा माणूस त्यात दिसतो.

तुम्हाला मराठीत वाचायचंच असेल तर मी असं वाचेन: ‘दांडगा दुष्ट मी पाहिला, मूळच्या मातीतल्या रायवळ झाडासारखा हिरवागार फोफावलेला. पुन्हा तिथून गेलो, तर तो नव्हता. शोधला, पण सापडला नाही.’