बारा आणि आठ मिळून एकशे अठ्ठावीस

‘इतक्या साध्या गोष्टीसाठी मदत मागितली, तर लोक काय म्हणतील?’ नोकरी करता करता नवे काही शिकू पाहणाऱ्या अनेकांकडून मी हा प्रश्न ऐकते. एका तरुणाच्या अनुभवातून त्याचे उत्तर देते. त्याची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा तरुण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नोकरी करतच त्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाणिज्य पदवी घेतली आणि आता तो रात्री जेवणानंतर पायथॉन ही संगणकभाषा शिकत होता. माझ्याकडे समुपदेशनासाठी तो आला, तो झोप लागत नाही म्हणून. ‘मॅडम, माझं डोकंच या कामाचं नाही,’ हे त्याचे पहिले वाक्य होते.

त्याच्या वडिलांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. दोन खेपांमधील क्रेटची बेरीज करणारा छोटासा प्रोग्रॅम त्याने लिहिला, त्यात १२ आणि ८ हे आकडे भरले, आणि उत्तर आले १२८. चूक दाखवणारी ओळ पडद्यावर उमटली असती, तर निदान तिचा आधार मिळाला असता. इथे संगणकाने काही तक्रारच केली नव्हती. रात्री अकरा वाजता त्याने पडद्याचा तिरपा फोटो मोबाइलवर काढून शिकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समूहात टाकला आणि खाली लिहिले, ‘चालत नाही, मदत करा.’ उत्तर आले, ‘फोटो नको. कोड मजकूर म्हणून टाका. काय यायला हवे होते आणि काय आले, ते लिहा.’ त्याने समूह सोडला आणि पुढचे तीन आठवडे लॅपटॉप उघडला नाही.

मी त्याला ते उत्तर मोठ्याने वाचायला सांगितले, तेव्हा त्याने ते दरडावल्यासारखे वाचले. मग मी विचारले, की एखादा कामगार अर्धवट भरलेली स्लिप घेऊन स्टोअरच्या खिडकीशी आला, तर तुम्ही त्याला काय सांगता? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘पार्ट नंबर लिहून आण, असं सांगतो. रोजच सांगतो.’ त्यात त्या कामगाराचा अपमान करण्याचा हेतू असतो का, हे मला विचारावे लागले नाही. उत्तर देणाऱ्याने एक मायेचा शब्द घातला असता तर बरे झाले असते, हे मी त्याच्यापाशी मान्य केले. काही उत्तरे खरोखर उर्मट असतात आणि तीही गोड मानून घ्यावीत, असे मी कुणालाही सांगत नाही. हे उत्तर मात्र तसे नव्हते.

दुखावण्याचे मूळ दुसरीकडे होते. ‘मला हे लवकर आलंच पाहिजे’ असे तो वारंवार म्हणत असे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा हट्टी मागणीला मध्यवर्ती स्थान आहे, आणि आपल्या भाषेत ती एका ‘च’मध्ये मावते. ‘यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यात चुकायला जागा असते; ‘आलेच पाहिजे’ या वाक्यात प्रत्येक चूक माणसाच्या लायकीवर जाऊन बसते. पदवीच्या वर्षांत एकट्याने पुस्तक उघडून तो किती वेळा अडला होता, हे आम्ही कागदावर मांडले. तेव्हा त्याने स्वतःचे डोके बाद ठरवले नव्हते.

नंतरचे काम अगदी व्यवहारी होते. वहीत आधी मराठीत प्रश्न लिहायचा: मी काय करू पाहतो, काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. पडद्यावर चूक दाखवणारा संदेश दिसला, तर त्याची शेवटची ओळ आधी वाचून ती जशीच्या तशी उतरवायची. मगच साध्या इंग्रजीत प्रश्न पाठवायचा. पहिला प्रश्न अर्थातच १२८ चा होता आणि त्याचे उत्तर त्यानेच मला कागदावर समजावले: पायथॉनमध्ये ‘इनपुट’ या आज्ञेने घेतलेले आकडेही अक्षरांसारखा मजकूर मानले जातात, त्यामुळे अधिकचे चिन्ह त्यांची बेरीज न करता त्यांना शेजारी चिकटवते, आधी त्यांचे संख्येत रूपांतर करावे लागते. हा नियम कुणी सांगितल्याशिवाय कळण्यासारखा नाही, हे तो आपणहून म्हणाला.

दोन महिन्यांनी त्याने वही दाखवली. नऊ प्रश्नांपैकी चार त्याने पाठवलेच नव्हते, कारण ते नीट लिहून काढतानाच चूक सापडली होती. चारांना उत्तरे मिळाली होती. नववा आदल्या रात्रीचा होता, तारखांच्या वजाबाकीचा. त्याचे उत्तर अजून आले नव्हते, आणि तो प्रश्न पाठवून साडेअकराला झोपला होता.