यादीत नाव घालू की देवावर सोडू?

पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका बाईंचं आहे. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. बाईंना स्वतःची किडनी द्यायची होती, पण त्यांचा रक्तगट ए आणि नवऱ्याचा बी. डॉक्टर म्हणाले, मृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव घाला. त्या लिहितात: ‘ताई, यादीत नाव घालायचं म्हणजे कुणाच्या तरी मरणाची वाट बघायची. असं मागणं देवापुढे कसं मांडू? सासूबाई म्हणतात, ठेविले अनंते तैसेचि राहावे. मी सोमवार, गुरुवार, एकादशी सगळं धरते, हेही माझ्याबरोबर एकादशी करतात. पण आतून मी देवावर चिडलेय. माझी श्रद्धाच उडाली का?’

आधी एकादशीचं बोलते, कारण ते पुढच्या पंधरवड्यावर टाकता येणार नाही. किडनी काम करेनाशी झाली की पोटॅशियम रक्तात साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. आपल्या उपासाच्या ताटात नेमकं तेच भरलेलं असतं: बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं, वर शहाळ्याचं पाणी. त्यांची एकादशी आजपासून बंद. आहारतज्ज्ञांनी जो तक्ता दिलाय तो पाळणं हाच त्यांचा नेम, आणि विठ्ठलाला तो चालतो. तुम्हीही तीनांतला एखादाच उपास ठेवा. दवाखाना, घर, मुलं हे सगळं तुमच्या अंगावर आहे, तुम्ही आडव्या पडलात तर बघणार कोण?

आता चिडण्याचं. ज्या तुकोबांचं वचन सासूबाई सांगतात, त्यांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात काय झालं ते आठवा. धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनीच अभंगात सांगून ठेवलंय. समाधान ठेवा म्हणणारा हाच माणूस एकदा ‘माझ्या लेखी देव मेला’ असंही म्हणून गेला. जनाबाईंनी विठोबाला शिव्या दिल्या, नामदेव त्याच्याशी रुसले, भांडले. ही माणसं श्रद्धा उडालेली होती असं आपण म्हणत नाही. दर आषाढीला त्यांच्याच पालख्या घेऊन पंढरीला चालत जातो. ज्याच्याशी नातं उरलेलं नाही त्याच्यावर कुणी इतकं चिडत नाही, बाई. तुमची तक्रार तुम्ही अजून त्याच्याकडेच घेऊन जाताय.

आणि त्याची योजना काय आहे, हे ओळखायचा आटापिटा सोडा. ‘यातून देवाला काहीतरी चांगलंच करायचं असेल’ असं घरी येणारा प्रत्येकजण म्हणत असेल. मी म्हणणार नाही. नवऱ्याच्या आजारामागे काय हेतू आहे, हे मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांच्यावर माझा भरवसा नाही. भरवसा ठेवायचा तो एवढ्यासाठी, की आपल्या हातातलं सगळं करून झाल्यावर जे उरतं ते त्याच्यावर सोपवून रात्री थोडी झोप लागावी. हातातलं काम बाकी असताना नव्हे.

सासूबाईंवर मात्र रागावू नका. पोटच्या पोराच्या हातावर त्या जाड सुया टोचलेल्या बघून म्हातारीने धरायचं तरी काय? त्यांच्यापाशी ती एक अभंगाची ओळ आहे, ती त्या धरून बसल्यात. त्यांना समजावत बसू नका, काम द्या. डायलिसिसच्या एखाद्या खेपेला बरोबर न्या. फिस्टुला केलेल्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हातावर बीपी घ्यायचं नाही, त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही, हे सांगा आणि लक्ष ठेवायला त्यांनाच नेमा.

यादीचा प्रश्न तुम्ही विचारलात, याचा मला फार आदर वाटला. पण त्या क्षणी दात्याच्या बाजूला काय होतं ते नीट बघा. मेंदू मृत झाला की नाही, हे चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासून ठरवतं, दोन तपासण्यांत किमान सहा तासांचं अंतर असतं, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. घरच्यांच्या संमतीनेच दान होतं. म्हणजे ते मरण तुमच्या मागण्याने येत नाही आणि तुम्ही न मागितल्याने टळतही नाही. तुम्ही वाट बघताय ती त्या घरातल्या कुणाच्या तरी होकाराची. देवापुढे बसाल तेव्हा त्या घरासाठी मागा: त्या वेळी त्यांना आधार मिळो, निर्णय घ्यायचं बळ मिळो. यात पाप कुठे आलं?

आणखी एक, जे तुमच्या पत्रात दिसलं नाही म्हणून सांगते. रक्तगट जुळत नाही म्हणून तुमची किडनी वाया गेली असं समजू नका. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून स्वॅप, म्हणजे अदलाबदल करता येते. ए गटाचा रुग्ण आणि बी गटाचा दाता असं दुसरं जोडपं मिळालं, तर तुमची किडनी त्यांच्या माणसाला आणि त्यांची तुमच्या यजमानांना. बाकीच्या तपासण्या जुळाव्या लागतातच, पण ए-बी ही जोडी अदलाबदलीत त्यातल्या त्यात लवकर जमणारी. तुमचं डायलिसिस सेंटर प्रत्यारोपण करत नसेल, तर मान्यता असलेल्या हॉस्पिटलात जाऊन तिथल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला भेटा. यादीतली नोंदणी तिथूनच होते आणि साताऱ्यासाठी ती पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाच्या विभागीय समन्वय केंद्राकडे जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू ठेवता येतात, यादीतलं नावही आणि स्वॅपचा शोधही. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून काय बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. आणि तुमचा रक्तगटाचा रिपोर्टही न्या, फक्त यजमानांचा नको.