वाचकांचे प्रश्न : कॅबिनेटमधला वारा

वडगाव, बेळगाव येथील एका वाचकांचे पत्र : आमच्या घराच्या तळमजल्यावर चार यंत्रमाग आहेत आणि माडीवर संगणक आहे. त्यावर मी साड्यांच्या काठ-पदरांची डिझाइने करतो आणि रात्री चिरंजीव गेम खेळतात. दीड वर्षापूर्वी घेतलेल्या कॅबिनेटला पुढे काच असून तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे आहेत, मागे एक आहे. पहिले वर्ष काही त्रास नव्हता. आता अर्ध्या तासात संगणक संथ होतो, प्रोसेसरचे तापमान ९५ अंशांवर आणि ग्राफिक्स कार्डाचे ८४ अंशांवर जाते. दुकानदार वरच्या बाजूला आणखी दोन पंखे बसवायला सांगतात. ते हवा आत घेणारे असावेत की बाहेर टाकणारे, याविषयी मात्र दोघांची दोन मते ऐकली. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य ‘पहिले वर्ष काही त्रास नव्हता’ हे आहे. पंख्यांची मांडणी मुळातच चुकली असती, तर संगणक पहिल्या उन्हाळ्यातच तापला असता. जे हळूहळू बिघडले त्याचे कारणही हळूहळू साचणारेच असणार, आणि ज्या घरात दिवसभर माग चालतात तिथे ते कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. म्हणून नवे पंखे विकत घेण्यापूर्वी बिनखर्चाची एक चाचणी करा. तोच गेम वीस मिनिटे चालवून तापमान लिहून ठेवा. मग पुढची काच काढून, त्याच खोलीत, तोच गेम पुन्हा वीस मिनिटे चालवा. तापमान पाच-सात अंशांनी उतरले तर पुढच्या बाजूने हवा आत यायला वाव नाही, असे समजावे. काच आणि बाजूचे झाकण दोन्ही काढूनही प्रोसेसर ९५ अंशांवरच राहिला, तर दोष कॅबिनेटमधल्या वाऱ्याचा नसून प्रोसेसरवरच्या कूलरचा आहे; मग वर दोन काय, चार पंखे बसवले तरी फरक पडणार नाही.

माझा अंदाज दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. वडगावातल्याच एका घरी मी असा कूलर उघडला होता. पंखा वरून स्वच्छ दिसत होता, पाती कोणीतरी नियमित पुसत असावे. पण पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा त्याच्या आणि धातूच्या पात्यांच्या मध्ये सुताच्या लवेचा एक सलग करडा थर बसलेला होता, इतका घट्ट की एका कोपऱ्याला नखाने धरून ओढल्यावर तो घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. त्यात कोणत्या रंगाच्या साड्या चालू होत्या तेही दिसत होते. साधी धूळ पात्यांवर बसते, पण लव एकमेकींत गुंतते आणि पंख्याच्या दाबाने दाबली जाते, त्यामुळे ती बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही. पंखा सोडवूनच काढावी लागते. हे काम आधी करा. कूलरच उचलावा लागला, तर प्रोसेसरवरचा जुना पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवा लावावा, कारण एकदा सुटलेला पेस्ट पुन्हा नीट बसत नाही.

आता पंख्यांच्या दिशेविषयी. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या काड्या आणि बहुधा वायर असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोकळ्या, उघड्या पात्यांच्या बाजूने ती आत शिरते. काही पंख्यांच्या कडेला बाणही कोरलेले असतात. घोळ होतो तो बसवताना बाजू न पाहिल्यामुळे, आणि मागचा पंखा कधीकधी उलटा बसवला जातो. हा प्रमाद माझ्या स्वतःच्या हातून झाला आहे. भिंतीलगत ठेवलेल्या माझ्या संगणकाचा मागचा पंखा दोन महिने भिंतीजवळची तापलेली हवाच आत ओढत होता आणि मी दोष उन्हाळ्याला देत होतो. कॉपीच्या कागदाची बोटभर पट्टी पंख्याजवळ धरली की दिशा लगेच कळते : बाहेर टाकणारा पंखा पट्टी दूर उडवतो, आत घेणारा ती जाळीला चिकटवतो.

वरच्या दोन पंख्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. बसवायचाच असेल तर मागच्या कोपऱ्याजवळ एक बसवावा आणि तो हवा बाहेर टाकणारा असावा. पुढच्या कोपऱ्याजवळची जागा रिकामी ठेवावी, कारण तिथे बाहेर टाकणारा पंखा लावला तर समोरून आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती वर ओढून फेकून देतो. वरून हवा आत घेणारे पंखे आपल्या घरी तर नकोच. वरच्या जाळीवर पडणारी लव ते सरळ मदरबोर्डवर ओढतील. ‘गरम हवा वर जाते, म्हणून वरून बाहेर काढा’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो खोटा नाही, पण पंखे चालू असलेल्या कॅबिनेटमध्ये गरम हवेचा तो आपसूक वर चढण्याचा जोर इतका क्षीण असतो की मांडणी ठरवताना त्याला फार महत्त्व देऊ नये.

महत्त्व द्यायचे ते आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या हिशेबाला. बाहेर टाकणारे पंखे जास्त जोराचे असतील तर कॅबिनेटच्या आत हवेचा दाब किंचित कमी होतो आणि ती तूट प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या खाचेतून, कार्डांच्या मागच्या झरोक्यांतून भरून निघते. त्या कोणत्याच वाटेवर फिल्टर नसतो. आत घेणारे पंखे जास्त असतील तर उलट घडते : हवा फिल्टरमधूनच आत येते आणि फटींतून बाहेर पडते, त्यामुळे धूळही फिल्टरवर अडते. पुढे तीन आणि मागे एक ही आपली मांडणी म्हणून योग्यच आहे. मात्र फिल्टर लवेने भरला की तीन पंख्यांची हवा एकाचीही उरत नाही आणि हिशेब गुपचूप उलटा होतो. तपासायचे असेल तर खोलीतला पंखा बंद करून पेटती उदबत्ती मागच्या झरोक्यांजवळ धरा. धूर आत खेचला गेला तर फिल्टर धुवायची वेळ झाली. (राख आत पडणार नाही एवढे पाहावे.)

किती हवा पुरे, याचेही गणित अवघड नाही. गेम खेळताना संगणक ३०० वॅट उष्णता टाकत असेल आणि आतून बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल, तर सेकंदाला साधारण २७ लिटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. १२० मिलिमीटरचा एक बरा पंखा उघड्यावर जवळपास तेवढी हवा देतो. पुढे जाळी, फिल्टर आणि काच आली की ती निम्मीही होऊ शकते. म्हणजे समोरचे तीन पंखे मोकळा श्वास घेत असतील तर आपली गरज भागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा कोकणातल्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ आहे आणि तेवढ्या प्रमाणात पंख्याचे कामही उणे होते, पण लवेच्या थरापुढे ही तफावत नगण्य आहे. तसेच, खोलीत ३३ अंश असतील तर कितीही पंखे लावून आतला कोणताही भाग ३३ अंशांच्या खाली जाणार नाही, हेही चिरंजीवांना सांगावे.

आवाजाबद्दल एवढेच सांगतो की पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो; म्हणून एक पंखा जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा तीन पंखे सावकाश चालवणे चांगले. चार पिनांचे पंखे मदरबोर्ड आपोआप आवरतो, तीन पिनांच्या पंख्यांसाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) डीसी, म्हणजे विजेचा दाब कमी-जास्त करून गती आवरण्याचा, पर्याय निवडावा लागतो.

निपाणी येथील एका वाचकांचे पत्र : माझे डीटीपीचे छोटे दुकान तंबाखूच्या वखारींच्या ओळीत आहे. संगणक जुना आहे, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) वरच्या बाजूला असून मागे एकच पंखा आहे. आत तपकिरी भुकटी साचते. समोर पंखा बसवल्यास भुकटी आणखी आत येईल का?

उत्तर : समोर पंखा नाही म्हणूनच ती येत आहे. आपल्या कॅबिनेटमध्ये मागचा पंखा आणि एसएमपीएसचा पंखा असे दोघेही हवा बाहेर टाकतात आणि आत घेणारा कोणी नाही, त्यामुळे वर सांगितलेली फटींची गोष्ट आपल्याकडे रोज घडते. समोरच्या जाळीमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा आत घेणारा असा बसवा आणि त्याच्या तोंडाशी बारीक नायलॉनची जाळी लावा. दोन बाहेर आणि एक आत हा हिशेब तरीही तुटीचाच राहतो, तेव्हा मागच्या पंख्याची गती कमी ठेवावी. डीटीपीच्या कामाला प्रोसेसर फारसा तापत नाही, त्यामुळे ते चालून जाईल. जाळी दर आठवड्याला झटकावी आणि महिन्याने पाण्याने धुवावी. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नये. सफाईसाठी संगणक बंद करून, वायर काढून, अंगणात न्यावा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याच्या जोराने पंखा भरमसाट फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते, शिवाय फिरणारी मोटार स्वतःच वीज निर्माण करून ती मदरबोर्डकडे उलटी पाठवू शकते.

खानापूर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र : पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवला आहे. पंख्यांमुळे दमट हवा आत जाऊन नुकसान होईल अशी भीती वाटते, म्हणून पुढचा पंखा काढून ठेवला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : पंखा परत लावा. २४ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा आत जाऊन १० अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे चालू संगणकाच्या आतली हवा आपल्या पडवीतल्या हवेपेक्षा कोरडी असते. धोका असतो तो आठवडेच्या आठवडे बंद पडलेल्या यंत्राला. श्रावणात रोज तासभर तरी तो चालवावा. खरी चूक कप्प्याची आहे. मागून पडलेल्या गरम हवेला तिथे जायला वाट नसते, ती वळसा घालून पुन्हा समोरच्या पंख्यापाशी येते आणि तीच हवा आत-बाहेर फिरत राहते. कप्प्याची मागची फळी काढावी, किंवा कॅबिनेट टेबलावर ठेवून ते भिंतीपासून वीतभर दूर राहील असे पाहावे. ते जमिनीवर मात्र ठेवू नये. ओलीपासून पळालेल्या मुंग्या खालच्या जाळीतून आत जातात. आणि मागच्या बाजूला कार्ड काढल्यामुळे उघडी राहिलेली एखादी खाच असेल तर तिच्यावर पत्र्याची पट्टी लावावी, कारण पालीला तेवढी जागा पुरते.